क्लिअर मारा म्हणालो, त्याबद्दल

मी, रंगनाथ मच्छिंद्र कुदळे, वय ६५, धंदा निवृत्त रंगारी, राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र स्वतः विचार करून स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. हात कापतो, तेवढे अक्षर सांभाळून वाचावे.

१. मी राहतो ती सदनिका माझ्या कमाईची आहे. ती माझ्या पश्चात पत्नी सौ. शालन हिची व तिच्यानंतर मुलगी श्रद्धा हिची. कसबा पेठेतल्या भावकीचा तीवर हक्क नाही. तिथल्या खोल्यांवर माझा होता, तो त्यांनी कधी मानला नाही, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

२. बँकेतली ठेव शालनची. श्रद्धाचे दागिने लग्नातच दिले आहेत. जावईबापूंनी पुन्हा विचारू नये.

३. माझी स्प्रे गन व कॉम्प्रेसर खालच्या मजल्यावरील श्री. इंद्रजीत वानखेडे यांना द्यावेत. याचे कारण लिहिणे भाग आहे.

मी एकवीस वर्षे कारखान्यात गाड्यांना रंग मारला. १९९९ साली रंग मारणारी यंत्रे आली आणि मला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा साहेबांची होती. पुढे २००३ च्या फेब्रुवारीत या गृहस्थांनी जुनी मारुती घेतली आणि घरीच रंगवायला काढली. हे अकोल्याचे, नोकरी संगणकाच्या कंपनीत. रंगकाम शिकले कुठे, तर इंटरनेटवर!

त्यांनी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकचा तंबू केला, धूळ उडू नये म्हणून फरशी ओली केली, पोचे लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरले, प्रायमर मारून पाणीपेपरने घासला. चार दिवस मी गॅलरीतून बघत होतो, कुठे ओघळ येतो का. आला नाही. शालन म्हणाली, "अहो, काय हात आहे हो त्यांचा!" माझ्या हाताबद्दल ती असे कधी बोलली नव्हती. मला जेवण गेले नाही.

पाचव्या दिवशी निळा बेस मारून त्यांनी खालून हाक मारली, "काका, आता क्लिअर मारू काय?"

मी खाली जाऊन काचेवर चिकटवलेल्या कागदावरच्या रंगाला बोट लावले. चिकटत होता. ओल्या बेसवर क्लिअर, म्हणजे चमक आणणारा वरचा पारदर्शक थर, मारला की आतला थिनर कोंडतो आणि रंग सुरकुततो, हे मला झोपेतही सांगता आले असते. मी म्हणालो, "मारा." आणि वर निघून आलो.

संध्याकाळपर्यंत अख्खे बॉनेट सुरकुतले. मला आनंद झाला, हे लपवत नाही. वानखेडे यांनी कोणालाही बोल लावला नाही. सगळे घासून काढले, पुन्हा बेस मारला आणि पुन्हा मलाच विचारायला आले. या वेळी मी म्हणालो, "अर्धा तास थांबा." ते थांबले. मग जी चमक आली, तशी माझ्या हातून एकदाही आली नव्हती. पाच वर्षे ती गाडी रोज माझ्या डोळ्यांसमोर उभी असते.

४. कलम ३ माझ्या मृत्यूनंतर वानखेडे यांना मोठ्याने वाचून दाखवावे, असे मी येथे लिहिणार होतो. शालन म्हणाली, "मेल्यावर कशाला? ते काय, खालीच राहतात." म्हणून काल सकाळी गेलो आणि सांगून टाकले.

ते म्हणाले, "मला माहीत होतं, काका. चार दिवस तुम्ही गॅलरीतून हलले नव्हते. त्या दिवशी मारा म्हटलं अन् लगेच घरात गेले."

"मग पुन्हा मलाच का विचारलंत?"

"दुसऱ्या कोणाला विचारणार? इथे ते काम येणारे तुम्हीच होते."

कारखाना सुटल्यापासून मला असे कोणी म्हटले नव्हते. त्यांच्या जागी मी असतो, तर पाच वर्षे जिन्यात हसून बोललो नसतो. त्यांना ते जमले, याचा मला आज गाडीपेक्षाही जास्त हेवा वाटतो. कलम ३ कायम.

सही: रंगनाथ मच्छिंद्र कुदळे

कुदळे यांनी आमच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत:
१. पूर्णिमा संतोष भिलारे
२. रतन यशवंत ढमाले

पुणे, दि. १७ ऑगस्ट २००८