आमच्या डोंगराला पावती नाही

ती. धनसिंग दाजी यांस, मु. धरणगाव,

धाकटा मेहुणा निंबा याचा नमस्कार. अक्काचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं बरं, फक्त माझी कंबर धरली आहे. तिला कारण तुम्ही. गेले चार महिने ग्रामसभेत मला सतरंजीवर बसावं लागतं. खुर्च्या आठच, आणि त्या दंड झालेल्यांना.

कायदाच तसा निघाला. गाव पिढ्यान्‌पिढ्या जे जंगल वापरत आलं, त्यावर गावाचा सामूहिक हक्क लागतो. फक्त वापरल्याचा पुरावा हवा. चोरून कापलेल्या गवताचा पुरावा कोण ठेवतो? तर जंगलखात्यानंच ठेवलाय, दंडाच्या पावत्यांत. पलीकडच्या डोंगरावरचा गार्ड कडक होता. त्याला शिव्या देत प्रेमराजनं सतरा पावत्या जमवल्या (रागानं, पत्र्याच्या डब्यात), आणि आज तो पहिल्या खुर्चीवर पाय पसरून बसतो.

अलीकडच्या डोंगरावर मात्र गार्ड तुम्ही. सासरवाडी म्हणून खालूनच शिट्टी वाजवत चढायचात. तुम्ही वर पोचेपर्यंत बाया भारे घेऊन घरात. तुमच्या अकरा वर्षांत एक पावती फाटली नाही, आणि तुमच्यानंतर त्या जागेवर कोणी आलंच नाही. कागद पाहिला तर त्या डोंगराला गावातलं माणूस कधी शिवलेलं नाही. (एवढं सज्जन गाव जिल्ह्यात दुसरं नसेल.) तालुक्याच्या समितीनं तेच धरलं: सोमवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर हा डोंगर दाव्यातून वगळतो. सत्तर घरांची गुरं त्याच गवतावर आहेत.

ग्रामसभेत म्हाताऱ्या बेबाबाई उठल्या. "धनसिंगनी शिट्टी बठ्ठा गावनी ऐकेल शे. आखो काय पुरावा पाह्यजे?" दावा लिहून देणाऱ्या हेमांगीताईंनी पेन खाली ठेवलं. शिट्टी फायलीला लावता येत नाही, म्हणाल्या. वाजवणारा आणता येईल का?

तुमचा,
निंबा

ता. क. १: तर सोमवारी या. जाणत्या माणसाचा जबाब कायद्यात चालतो. लोक गवत कापत होते, मी बघत होतो, सोडत होतो, एवढंच सांगायचं. पेन्शनला धक्का लागेल का, हे हेमांगीताईंना विचारलं. नाही म्हणाल्या, पण विचार करून म्हणाल्या. तेव्हा अक्काशी बोलूनच निघा. कोणाचं नाव सांगायची वेळ आली तर माझं सांगा.

ता. क. २: आई आजारी होती त्या साली मी वर सापडलो, आणि माझा भारा तुम्हीच वर्दीत डोक्यावर घेऊन गोठ्यापर्यंत आणलात. कोणीतरी ते पाहिलं आणि तुमची लांब बदली झाली. त्यावर मी कधी काही बोललो नाही. गावातल्या नीलेशच्या टेम्पोतून गवताचा एक भारा पाठवतोय, तुमच्या म्हशीसाठी. जबाबाशी त्याचा संबंध नाही. आलात, न आलात, उतरवून घ्या.