आधी टाका बघू

प्रिय धाकटे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. घरात बोलायचं खातं तुझ्या ताईकडे होतं. ती गेल्यापासून मी बोलतो ते फक्त कुकरशी, आणि तोही माझ्यापेक्षा जास्त बोलतो.

तिच्या ऑपरेशनचं कसं ठरलं, ते तुला कोणी नीट सांगितलेलं नाही. या गावात आपल्या भाषेची चारच घरं. दवाखान्यात चारही हजर. सगळ्यांचीच तोंडं इतकी पडलेली, की डॉक्टरांनी विचारलं, "यातल्या पेशंट कोण?" मग म्हणाले, निर्णय पेशंटनं घ्यायचा. आपल्यात तो पेशंट सोडून सगळे घेतात. थोरले काका म्हणाले, "कापाकापी नको." काकू म्हणाल्या, "आधी झाडपाला." दुभाष्या मी. डॉक्टर भरपूर बोलले आणि मी तिला सांगितलं, "बरं करतो म्हणतात." डॉक्टरांना संशय आला. त्यांनी आपली भाषा येणारी एक नर्स बोलावली. तिनं सगळं सांगितलं: कॅन्सर आहे, ऑपरेशन, औषधं, केस जातील, खात्री नाही.

तुझ्या ताईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "या डॉक्टरांनी शिवलेलं बघायला मिळेल का?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण जन्मभर ब्लाउज शिवलेली बाई ती! डॉक्टर हसले. वॉर्डातल्या एक आजी आपले टाके दाखवायला आनंदानं तयार झाल्या. ही चष्मा लावून पडद्याआड गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "टाका बारीक आहे. ओढलेला नाही. शेवटची गाठ जरा मोठी, पण चालेल." काका तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाली, "तुमची पँट शिवताना मी चार घरांना विचारते का?"

कापलं म्हणून ती गेली, असं तू म्हणतेस. तसं नाही गं. ऑपरेशननंतरची सगळी वर्षं मशीन चालू होतं. तुझ्या लेकीच्या लग्नातले ब्लाउज तेव्हाचेच. दंडात घट्ट झाला म्हणून तू भांडलीस, तोही. दुखणं उलटलं, तेव्हा तिनंच सांगितलं, "आता उसवायचं नाही." तेही आम्ही ऐकलं.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. तुलाही गाठ लागलीय आणि तू कुणाला हात लावू देत नाहीस. मी त्याच डॉक्टरांना भेटून आलो. डोक्यावरचे केस गेलेत त्यांचे, पण हात स्थिर आहे. मुद्दाम काठोकाठ चहा देऊन बघितला. चार घरांना काही सांगितलेलं नाही. हो म्हण, नाही म्हण, पण ये आणि बघून म्हण. तिचा चष्मा सोबत पाठवतोय. तुम्हा दोघींचा नंबर एकच होता.

वाट बघणारे,
तुझेच भाऊजी