खड्डामागावरचा डबा

४ फेब्रुवारी
बोरगावहून वडगावला आले, पूर्णिमाच्या बाळंतपणाला. पहिलटकरणीनं माहेरी यायचं, तर ही म्हणती बोरगावात नेट न्हाय, नोकरी जाईल. मग आईच आली, डिंकाचे लाडू घेऊन. भाड्याचं घर लांबलचक, पण झकास. मागची खोली लई उजेडाची. तिथं नेट पोचत न्हाय म्हणून पोरगी एवढं पोट घेऊन दारात खुर्ची टाकून काम करती. जावयाला, सौरवला, म्हटलं, आधी बायकोकडं बघ, मग क्रिकेट.

७ फेब्रुवारी
सौरवनं तीन पांढरे डबे आणले. एक डबा दुसऱ्याला नेट देतो, दुसरा तिसऱ्याला. मध्ये वायर न्हाय. मधल्या डब्याला जागा म्हणजे जुन्या हातमागाची बंद खोली. विणकरीण पाय सोडून बसायची तो जमिनीतला खड्डा अजून हाय, वर फळी. मालकानं बजावलंय, फळी हलवू नका. म्हटलं, हलवतंय कोण? फळीवर ठेव डबा. ठेवला. मागच्या खोलीत नेट धावायला लागलं. पोरगी खूश.

११ फेब्रुवारी
झाडताना धागा सापडला. मधल्या डब्यापासनं पोरीच्या डब्यापर्यंत, भिंतीकडनं, ताठ. सौरवला विचारलं, वायर नसती म्हणालतास, मग हे काय? हसला. म्हणाला, मामी, विणकरांचं वडगाव हाय हे, धागा उडणारच. कात्रीनं कापला. भात शिजंपर्यंत पुन्हा ताठ.

१३ फेब्रुवारी
शेजारच्या जयाआक्काला गाठलं. तिनं सांगितलं, ह्याच घरची विणकरीण अंबुबाई मागावर बसल्या बसल्या गेली, साडी अर्धी. विणकरांच्यात असं झालं की तिरडी उचलायच्या आधी मागावरचा ताणा, उभे धागे, कापतात, खड्डा मातीनं बुजवतात. पोरांनी घाईनं माग विकला, खड्डा तसाच ठेवला. अंबुबाई त्या खोलीपुरती होती म्हणं. बाहेर यायला तिला वाट नव्हती. डबा तिथं ठेवायची अक्कल कुणाची, असंबी विचारलं. मी घरी आले.

१५ फेब्रुवारी
पोरगी काम करत होती. टेबलाखाली पाय चाललेले. एक दाबती, एक उचलती, मागाच्या पावड्या मारल्यासारखं. थांबव म्हटलं. म्हणती, कसले पाय? पोटावर हात ठेवला. आत बाळ त्याच तालात —

१६ फेब्रुवारी
तिचा डबा उपटला. पाय थांबले. सौरव खेकसला, अडाणी म्हणाला, डबा परत लावला. पाय सुरू. धागा आता घोट्याला. दुपारी तिला रक्ताचा डाग लागला. डॉक्टरीण म्हणती, पाय हलवायचे न्हाईत. सांगा की तिला. पोरीला न्हवं. त्या बाईला.

१७
दोघं दवाखान्यात. मागच्या खोलीतला डबा आणून माझ्या पायाशी लावला. म्हटलं, कुणाचे तरी पाय पाहिजेत न्हवं तुला? हे घे. माझ्या लेकराला सोड.

१८
पोरगी आली. पाय गप्प. झोपली. माझे चाललेत. टाचा सोलल्या. चालू देत.

१९
फळी सरकलीय. मी काठावर बसलेय. कधी बसले —
पोटातलं बाळ बरं हाय म्हणती डॉक्टरीण. बास झालं.

२०
सौरव दारातनं बोलला. चौथा डबा आणलाय. पाळण्याजवळ लावतोय, बाळ आलं की मोबाईलवर दिसंल. नको म्हटलं. आवाज फुटंना. उठाय गेले. पाय खड्ड्यातनं निघंनात. तो पिन खुपसतोय — पूर्णिमा, त्याचा हात धर गं, त्याला