विहिरीतला एकच सपाट दगड

अफझलगंज, हैदराबाद
रविवार

तीर्थरूप हिम्मतरावमामांना शशिकांतचा शिरसाष्टांग नमस्कार.

उदगीरच्या थंडीत तुमचा गुडघा कसा वागतो आहे? मामींना लिंबाचे लोणचे पोहोचले असेलच. इकडे सगळे क्षेम आहे, फक्त गेले वीस दिवस मी सकाळचा चहा उभ्याने पितो आहे. आरोप गंभीर असल्यामुळे सविस्तर सांगतो. घरातल्या चारही प्लास्टिकच्या खुर्च्या बावडी बचाव समितीने सभेसाठी नेल्या. सभा संपली, पण खुर्च्या सार्वजनिक कार्यातून निवृत्त व्हायला तयार नाहीत. एकीवर कागदपत्रे बसतात, दुसरीवर अध्यक्ष उमाजीराव, आणि उरलेल्या दोन 'साहेब आले तर' म्हणून राखीव. (सौ. अपर्णा म्हणते, समितीचे चिटणीस तुम्हीच, मग तक्रार करता कुणाकडे?)

बावडी म्हणजे आमच्या गल्लीमागची पायऱ्यांची विहीर, तुम्ही पाहिलेलीच. ती बुजवून तिथे दुचाकींसाठी पार्किंग करायचे घाटते आहे. फुलवाल्या चतुराबाई चाळीस वर्षे तिच्यात फुले धुतात आणि मे महिन्यात गल्लीतल्या बोअरला पाणी टिकते तेही तिच्यामुळेच. ती बुजली की आम्ही टँकरमागे आणि चतुराबाई धंद्याबाहेर. म्हणून आम्ही विहीर वारसा म्हणून जपावी असा अर्ज केला आणि त्यावर आठशे बारा सह्या जमवल्या. तेलुगू आणि उर्दू शेजाऱ्यांनी न वाचता सह्या दिल्या. आपल्या मराठी मंडळींनी आधी मजकुरात दुरुस्त्या सुचवल्या, सही मागाहून करतो म्हणाले.

अखेर वारसा खात्याचे साहेब आले. (खुर्चीवर बसले नाहीत.) माणूस भला. पायऱ्या उतरले, कमानींवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पुरानी हय, दिखता हय. मगर लिखा सो कुछ हय?" उमाजीरावांनी अभिमानाने समोर बोट केले. तिथे आपली संगमरवरी पाटी आहे: जीर्णोद्धार, सन दोन हजार तेवीस, प्रमुख देणगीदार श्री. हिम्मतराव, उदगीर, खाली आम्ही दहा जण. साहेबांनी वहीत टिपून घेतले: लेखी पुरावा, दोन हजार तेवीस. यापेक्षा जुना असेल तर पंधरा दिवसांत दाखवा म्हणाले आणि गेले.

त्यांची पाठ वळताच चतुराबाई टोपली खाली ठेवत म्हणाल्या, "लिवलेलं हाय की. चांगल्या पाच ओळी. तुमच्या पाटीच्या मागं."

मामा, त्या अख्ख्या विहिरीत सपाट असा एकच दगड होता. आम्हाला वाटले, तो देवाने आमच्या पाटीसाठीच राखून ठेवला आहे. कुणीतरी लिहायचे म्हणूनच तो घासून सपाट केला असेल, असे इतक्या शिकलेल्या माणसांत एकाच्याही मनात आले नाही. अक्षरांत शेवाळ भरले होते. दगड खडबडीत आहे म्हणून आम्ही सिमेंट जरा जास्तच थापले.

मग पाटी काढायला हरकत कुणाची असणार? तर प्रत्येकाची. पुन्हा सभा झाली. एकजण म्हणाला, पाटी थोडी बाजूला सरकवा. "सिमेंट हय मियाँ, कपाट नाही सरकवायला," उमाजीराव म्हणाले. दुसऱ्याने सुचवले, मधला भाग तेवढा कापून काढावा. (त्याचे स्वतःचे नाव कडेला आहे.) शेवटी उमाजीराव हळूच म्हणाले, "माझी नात रविवारी येते आणि माझं नाव वाचते. मराठी तिला तेवढंच वाचता येतं." यावर कुणी हसले नाही, मीही नाही, आणि माझा स्वभाव तुम्ही जाणता. पुढच्यांनी आपल्याला विसरू नये म्हणून आम्ही मागच्या माणसाला बुजवून बसलो होतो. त्याने विहीर खणली होती. आम्ही कठड्याला रंग दिला होता.

असो. गुडघ्याला तिळाचे तेल लावत जा. मामींना नमस्कार.

तुमचा,
शशिकांत

ता. क. मुख्य काम लिहायचे राहिलेच. पाटीवर पहिले नाव तुमचे. ते जायला तुमची हरकत नसेल, तर बाकीच्यांना कुरकुरायला तोंड उरणार नाही. पाटी फोडायला तुमची लेखी परवानगी हवी होती.

दुसरा ता. क. परवानगीची आता घाई नाही. मुदतीचे तीनच दिवस उरले होते, म्हणून पाटी आज सकाळीच फोडली. छिन्नी खालून लावली, म्हणजे आधी माझे नाव गेले आणि सर्वांत शेवटी तुमचे, जमेल तितक्या अदबीने. उमाजीरावांनी आपल्या नावाचा तुकडा रुमालात बांधून नेला. लेखाच्या खालच्या दोन ओळी सिमेंटबरोबर उखडून आल्या. वरच्या तीन राहिल्या आहेत. साहेब उद्या येतात. तीन ओळी पुरतील की नाही, ठाऊक नाही.

तिसरा ता. क. पाचही ओळी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा जबाब अर्जाला जोडायचा होता. चतुराबाईंनी सांगितला, मी लिहून घेतला. शेवटी एक वाक्य माझे घातले: पाटी बसवली त्या दिवशीच या बाई आम्हाला सांगत होत्या की दगडावर लिहिलेले आहे, आणि 'बाजूला व्हा, फोटो काढायचाय' असे त्यांना म्हणणारा मी होतो. खाली सही केली आणि सगळा जबाब त्यांना वाचून दाखवला.

"हे कशाला लिवलं?" असे म्हणून त्यांनी अंगठ्याला शाई लावली.