निळ्या कादंबरीतलं चुकलेलं पान

बडोदे
रविवार सकाळ

प्रिय अण्णा,

काल संध्याकाळी जुईने तुमची निळी कादंबरी बाइंडरकडून घरी आणली. बांधलीय छान, नवं निळं कापड लावलंय, पण आत एक पान चुकीच्या जागी शिवलं गेलंय. मी म्हटलं, उद्याच परत नेऊन नीट करून घे. तुमची नात म्हणाली, "नाही करायचं." का म्हणून विचारलं तर म्हणाली, "पुस्तक अण्णांचं आहे. त्यांना विचार."

आता तुम्हाला कसं विचारायचं? तुम्हाला जाऊन दहा महिने झाले. पण या घरातली भांडणं तुम्हीच मिटवायचात, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा निवाडा चालत नाही. म्हणून स्वयंपाक बाजूला ठेवून लिहायला बसलेय. सुधीरला सांगितलंय, आज बाहेरून सेव-उसळ घेऊन ये. तुमचे जावई एकदम खुशीत आहेत.

पान का चुकलं ते सांगायचं तर तुमच्या यादीपासून सुरुवात करायला हवी.

आठवतंय ना? आठवीत असताना जुईला वर्गात मोठ्याने वाचायला उभं केलं, ती अडखळली आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर रोज सकाळी आठच्या ठोक्याला तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर झाले, काढे झाले, दृष्ट काढून झाली. शेवटी तुम्हीच म्हणालात, "तिला माझ्याकडे द्या. दहावी ओपन बोर्डातून देईल. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं शिकवली, आता घरचं शिकवतो."

आणि मग काय तो अभ्यासक्रम काढलात, बाई बाई! छत्तीस पुस्तकं. इतिहास कादंबऱ्यांतून, भूगोल प्रवासवर्णनांतून, नागरिकशास्त्र आत्मचरित्रांतून. गणितसुद्धा तुम्ही कुठल्याशा विनोदी लेखावरून शिकवायला निघाला होतात, तेव्हा सुधीरने हात जोडून गणित स्वतःकडे घेतलं. जिला पुस्तक दिसलं की पोटात दुखतं, तिच्यासाठी छत्तीस पुस्तकं? एकदाही मनात शंका आली नाही का तुमच्या?

पण चाललं हो तुमचं. दुपारी दोनला मी पॅथॉलॉजी लॅबमधून घरी यायची तेव्हा तुम्ही गॅलरीत आरामखुर्चीत आणि ती खाली चटईवर, बोटांना मैद्याची खळ माखलेली. मला वाटायचं, अभ्यास उरकून आजोबा-नात जुनी फाटकी पानं चिकटवत बसलेत, चालू दे. यादीवर तांबड्या पेन्सिलीच्या खुणा वाढत होत्या. अकरा झाल्या. मी लॅबमध्ये मिरवायची, आमची जुई पुस्तकं वाचायला लागली म्हणून.

मग तुमचं ते हॉस्पिटल. माझं मनगट धरून म्हणालात, "बेबी, जुईची यादी अर्धी सोडू नकोस." मी म्हटलं, नाही सोडणार. किती पटकन म्हटलं. तेव्हाच विचारायला हवं होतं, अण्णा, पूर्ण करायची कशी? ते राहूनच गेलं. त्याच दुपारी तुम्ही चहा मागितलात, साखर घालून. मी म्हटलं, आधी बरे व्हा, मग देते. दोन वर्षं तुम्हाला बिनसाखरेचा चहा पाजला आणि त्या दिवशीही माझा हेका सोडला नाही. ते अजून टोचतं मला.

चौदाव्या दिवशी मी यादी भिंतीवर लावली. रोज चाळीस पानं आणि पाच प्रश्न. म्हटलं, अण्णांना शब्द दिलाय, आता मागे हटायचं नाही. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे.

आणि तुम्हाला तिचाही माहीत आहे. पहिलं पान आणि शेवटचं पान वाचून ती वहीत उत्तरं लिहायची. "नायकाचा स्वभाव वर्णन करा." उत्तर, "बडबड्या." "या प्रसंगातून लेखकाला काय सांगायचं आहे?" उत्तर, "त्यालाच विचारा." मला हसू यायचं आणि ते दाबून मी ओरडायची. हसले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

मी काही प्रयत्न केले नाहीत असं समजू नका. जाडी पुस्तकं काढून बारकी आणली. मोठ्या टायपातली आणली, तर म्हणाली, मी काय बालवाडीत आहे? क्रिकेटवरचं आणलं, स्वयंपाकावरचं आणलं. माझ्या आवाजात दोन प्रकरणं मोबाइलवर रेकॉर्ड करून दिली, तर ती ऐकता ऐकता झोपली. सुधीर म्हणाला, मलाही पाठव, शिफ्टवरून आलं की झोप लागत नाही.

तो चेष्टा करायचा, पण काळजी त्यालाही होती. एप्रिल उजाडला, यादीवर बारावी खूण काही पडेना. एका रविवारी त्याने स्पष्ट सांगितलं, "मे संपेपर्यंत बघू. एक तरी पुस्तक पुरं केलंय असं मला दिसू दे. नाहीतर जूनपासून पुन्हा शाळा." जुई पांढरीफटक पडली. शाळा म्हणजे तीच शाळा, तीच मुलं, तेच उभं राहून वाचणं.

मी घाबरले अण्णा, आणि घाबरले की मला बोलायचं भान राहत नाही. त्याच आठवड्यात तुमची निळी कादंबरी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "अण्णा असते तर तुझ्याकडे बघून त्यांना काय वाटलं असतं?" हे वाक्य मी गेले कित्येक महिने रोज म्हणत होते. त्या दिवशी तिने पुस्तक उचललं आणि भिंतीवर फेकलं.

कणा मोडला. चारशेच्या वर पानं खोलीभर झाली. मी हात उगारला होता, खरं सांगते. तेवढ्यात ती म्हणाली, "अण्णांनी मला एकही पुस्तक वाचायला लावलं नाही. एकही नाही. ते वाचायचे, मी पानं चिकटवायची. आता तू नुसती अक्षरं पुढे ठेवतेस. मला ती ऐकू येत नाहीत."

मी उगारलेला हात खाली घेतला. अकराच्या अकरा पुस्तकं तुम्ही वाचून दाखवलीत? आणि वर ऐटीत खुणा केल्यात? स्वतःच्याच अभ्यासक्रमाला चक्क बगल दिलीत आणि पोटच्या मुलीला पत्ता लागू दिला नाहीत? माझ्या लहानपणी मात्र एक पान गाळलं तरी रात्रीच्या जेवणापर्यंत अबोला असायचा. हा कुठला न्याय, अण्णा?

राग आला आणि रडूही आलं. तुम्ही गेलात तेव्हा माझे वडील गेले एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिचा तर वाचून दाखवणारा आवाजच गेला होता, आणि मी तिला प्रश्नांची उत्तरं मागत होते.

मग दोघी मिळून पानं गोळा करायला लागलो. तेव्हा कळलं की आकडेच नाहीत. उंदरांनी कधीतरी खालचे कोपरे कुरतडून नेले होते, पानांच्या नंबरांसकट. तशीच पिशवीत भरून आम्ही गणपतीच्या देवळामागे तुमच्या बाइंडर रमणकाकांकडे गेलो. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "बेन, आ तो बधां छूटां पानां छे. गोठवीने लावो, पछी सीवी आपीश." म्हणजे पानं आधी लावून आणा, मग शिवून देतो. तुम्ही नेहमी लावून द्यायचात म्हणे. त्यांना मराठी येत नाही, त्यामुळे ज्या क्रमाने हातात पडेल त्या क्रमाने ते शिवतात.

मी म्हटलं, राहू दे, रद्दीत घालू. जुई म्हणाली, "मी फेकलं ना? मग मीच लावते."

अण्णा, तीन आठवडे लागले. गॅलरी भरून पानं, त्यांच्यावर वाट्या, किल्ल्या, खलबत्ता, पंखा बंद. मे महिन्यात पंखा बंद, कल्पना करा. सुरुवातीला ती फक्त एका पानाची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली ओळ जुळवत होती. त्याने भागेना, कारण कादंबरीत तीन ठिकाणी लोक जेवायला बसतात आणि दोन ठिकाणी रुसून उठतात. मग अख्खं पान वाचायला लागली. मग त्याच्या मागचं. एके दिवशी जेवताना मला विचारते, "आई, कारभारी दिवाणजींवर चिडलेत ते पत्र हरवायच्या आधी की नंतर?"

माझ्या जिभेवर आलं होतं, बघ, वाचतेस की नाही! सुधीरने टेबलाखाली माझा पाय इतक्या जोरात दाबला की अंगठा दोन दिवस दुखत होता. मी फक्त म्हटलं, "मला आठवत नाही ग." ते खरंच होतं. ती कादंबरी मी चौदाव्या वर्षी तुमच्या धाकाने वाचली होती आणि त्यातलं एक अक्षर मला आठवत नव्हतं.

काल सुधीरने तिची परीक्षा घेतली. मे संपत आला होता. नवं बांधलेलं पुस्तक मांडीवर घेऊन तो बसला आणि म्हणाला, "सांग गोष्ट." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. ती तासभर बोलत होती. कोण कुठल्या दारानं आलं, कुणी कुणाचं पत्र लपवलं, म्हातारे कारभारी शेवटी कसे गेले, सगळं. एकदाही अडखळली नाही. सुधीर पानं उलटून पडताळत होता. मधेच थांबला आणि म्हणाला, "जुई, हे कारभारी वारले ना?"

"हो."

"मग पुढच्या पानावर ओसरीत बसून चहा कसा पितायत?"

ते चुकलेलं पान. शंभर पानं आधीचं, तिथे जाऊन बसलंय. सगळे रडतायत, उलटलं की कारभारी मजेत चहा पितायत आणि सुनेला म्हणतायत, साखर कमी पडली.

जुई इतकी हसली की तिला ठसका लागला. हसता हसताच रडायला लागली. तुम्ही गेल्यावर ती रडली नव्हती अण्णा, तेराही दिवस नाही. काल रडली. सुधीरने तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "शाळेचं दप्तर माळ्यावरच राहू दे."

बारावी खूण तिने स्वतः केली. लगेच मला बजावलं, "मला वाचायला आवडत नाही, हे लक्षात ठेव. जवा दे ने, सोड आता, जास्त खूश होऊ नकोस." मी म्हटलं, बरं बाई.

यादी आता आम्ही बदललीय, रागावू नका. पहिल्यांदा सगळ्यात फाटकी पुस्तकं, ती जुई लावणार आणि रमणकाका शिवणार. धडधाकट असतील ती मी वाचून दाखवणार, ती बसून खळ लावणार. प्रश्न-उत्तरं तोंडी. काल रात्री जेवणानंतर पाच पानं वाचली. म्हणाली, "तू पळतेस. अण्णा इथे थांबले असते." कुठे थांबले असतात ते तिला नेमकं माहीत आहे.

तर आता निवाडा द्या. पान काढायचं की ठेवायचं?

अर्धा तास झाला, पेन हातात धरून बसलेय. जुई आत ओट्यापाशी चहा करतेय आणि ओरडून विचारतेय, अण्णांनी काय सांगितलं?

पान राहू दे. मीच सांगते तुमच्या वतीने. जेव्हा जेव्हा ती कादंबरी वाचू, तेव्हा कारभारी जातील, आम्ही थोडं थांबू, पान उलटू, आणि ते चहा मागतील. शब्द देते अण्णा, या वेळी नाही म्हणणार नाही. साखर घालीन, दोन चमचे.

तुमची हट्टी
बेबी
(आणि खळीच्या बोटांचा ठसा उमटलाय तो जुईचा)