बिननवऱ्याची पाठवणी

३ एप्रिल १९५७

झाली निवड! आमच्या दवाखान्यातून तिघीजणी, त्यात मी! इंग्लंड, डेन्मार्क, फिनलंड — तीन देश, वर्षभर. तिथल्या दवाखान्यांत शिकाऊ नर्स म्हणून उमेदवारी करायची, बाळंतपणं करायची, त्यांच्या पद्धती शिकायच्या. मुंबईहून मे महिन्यात बोट. मेट्रनबाई म्हणाल्या, घरच्या मोठ्यांचा होकार घेऊन या. मनात म्हटलं, होकार कसला, बा तर नाचेल!

आज दुपारी तांड्यावर पोचले. बा नाचला नाही, पण तडक गोठ्यात गेला आणि आधी बैलालाच सांगितलं. "आयकलं का सोन्या, आपली हिरी साहेबाच्या देशात चालली!" माझी मामी बाळंतपणात गेली तेव्हाच बाने ठरवलं होतं, ही पोरगी नर्स होणार. सगळ्यांशी भांडून त्याने मला कारंज्याच्या शाळेत घातलं, मग नागपूरला. आज त्याची मान बघण्यासारखी होती.

याडी भाकरी थापत होती. (याडी म्हणजे आई. आमची बोली निराळी, पण या वहीत मी सगळ्यांना वऱ्हाडी बोलायला लावते.) सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तथी गोवऱ्या भेटतात का?" बस्स, एवढंच!

४ एप्रिल

याडी अजून काही बोलत नाही. बोलेल. न बोलून जाईल कुठे!

५ एप्रिल

बा मला घेऊन भाऊसिंग नायकाकडे गेला. नायकाच्या शब्दाशिवाय तांड्यातलं पान हलत नाही. लिंबाखाली खाट टाकून बसला होता, पंच भोवती.

"पोट्टी कोन्या घरी जाऊन राह्यली?"

"घरी नाही, दवाखान्यात," मी म्हटलं.

"दवाखान्याचं गोत कोनतं?"

मी खो खो हसले. बाकी कोणी हसलं नाही. मग कळलं, म्हातारा खरंच विचारतोय. तांड्यातून पोरगी बाहेर जाते ती एकाच वाटेने — नवरी होऊन. दुसऱ्या कोणत्याही वाटेने गेली तर ती पळाली, आणि पळालेल्या पोरीच्या बापाला पंचांत जागा नाही. नागपूरचं त्यांनी चालवून घेतलं, कारण सुटी लागली की मी परत येते. समुद्रापलीकडचं कोण चालवून घेणार?

बा खाली मान घालून बसला. माझा बा! असा राग आला की खाटच उलथून टाकावीशी वाटली. मी जाणार, हे तर ठरलेलंच आहे. पण बाला पंचांतून उठवून नाही जाणार.

रडले मात्र नाही. मी रडत नसते. लहानपणी सगळ्या पोरी धुरपताबाईकडे ढावलो शिकायला बसायच्या — नवरीने निघताना एकेकीच्या गळ्यात पडून रडत म्हणायचं गाणं. मी पळून बोरं खायला जायचे. रडायचं शिकायला कशाला लागतं!

७ एप्रिल

धुरपताबाई जिंदाबाद! दिवाळीत तिच्या सुनेचं अडलेलं बाळंतपण मी सोडवलं होतं, ते म्हातारी विसरलेली नाही. आज काठी टेकत स्वतः पंचांपुढे उभी राहिली.

"पोट्टीले नवरीसारखी पाठवा. ढावलो म्हनू द्या, बैलावर उभी करा, हवेली म्हनू द्या. मंग कोनाची टाप हाय पळाली म्हनाची?"

"अन् नवरा?" नायकाने विचारलं.

"नवरा येईन मागून! त्याले काय घाई हाय?"

अख्खा तांडा हसला. नायकही हसला, आणि हसला तिथेच फसला. होकार मिळाला!

तर आता माझी पाठवणी — बिननवऱ्याची! आमच्यात नवरी शेवटी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि हवेली हे गाणं म्हणून बापाच्या तांड्याचा निरोप घेते. मी लंडनला जायचं म्हणून सोन्याच्या पाठीवर चढणार. मैत्रिणींना सांगितलं तर खोटं वाटेल!

एकटी याडी हसली नाही. घागर उचलून पाण्याला गेली.

१० एप्रिल

पोहरादेवीची यात्रा झाली. बातमी आमच्या आधी पोचलेली! परक्या तांड्यांतल्या बाया ओढणी सावरत विचारतात, "नवरदेव कुठचा वं?" मी सांगते, फिनलंडचा. एकीने विचारलं, ते मानोरा गावाच्या पुढे आहे का? म्हटलं, थोडं पुढे.

१४ एप्रिल

शेलूबाजारातून बाने पत्र्याची ट्रंक आणली. हिरवी, वर गुलाबाचं फूल. तिघींत माझीच उठून दिसणार!

ढावलोची शिकवणी सुरू आहे. गळ्यात पडायचं, खांद्यावर डोकं टेकायचं, आणि त्या बाईने आपल्यासाठी काय काय केलं ते सूर लांबवत, रडत सांगायचं. सूर जमतो, शब्द जमतात. पाणी काही येत नाही! धुरपताबाई वैतागली. "तुये डोये हायेत का कवड्या?"

मग तिने याडीला विचारलं, नवरीचा फेटिया — म्हणजे आमचा घेरदार घागरा — कधी शिवायला घेते? याडी म्हणाली, "मी नाई शिवत."

तिच्या हाताचं आरशाचं काम बघायला चार तांड्यांतल्या बाया येतात. आणि माझ्यासाठी सुई धरायला नको! वाईट वाटलं. खूपच. असू दे. दवाखान्याची पांढरी साडी नेसून उभी राहीन.

१९ एप्रिल

आज तोंडावर विचारलं. "याडी, मी जाऊ नये असं वाटतं ना तुला?"

"मी काहून नाई म्हनू? जाय ना."

"मग फेटिया का शिवत नाहीस?"

तिने सुपात ज्वारी पाखडायला घेतली. मग म्हणाली, "मी हवेली म्हनून आली अथी. तवापासून बापाच्या तांड्यावर गेली का माह्यासाठी खाटेवर नवी घोंगडी टाकतात. चुलीपाशी जाऊ देत नाईत."

"चांगलंच की! केवढा मान!"

माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नागपूरला शिकत नसून नुसती हिंडत होते. आणि उठून शेळ्यांकडे गेली. मान मिळतो त्यात दुःख कसलं? ही बाई मला कधी कळायची नाही.

२३ एप्रिल

सोन्याच्या पाठीवर उभं राहून पाहिलं. दोनदा पडले. हवेली मात्र खणखणीत म्हटली!

२८ एप्रिल

उद्या निघायचं. बाने सोन्याच्या शिंगांना गेरू लावला, झूल काढून ठेवली. नायक येणार, पंच येणार. सगळं पाठ आहे. रडणार नाही म्हणजे नाही!

२९ एप्रिल, कारंजा स्टेशन

सकाळी अख्खा तांडा जमला आणि गोठ्यात सोन्या नाही! नायक ओरडायला लागला. याडी सगळ्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली. डोक्यावरची ओढणी जरा पुढे ओढली आणि म्हणाली, "बैल मी सोडला. हवेली म्हनून गेली का पोट्टी पाव्हनी होते. माही पोट्टी पाव्हनी नाई. हे कामाले चालली, काम झालं का आपल्या घरी येईन. कोनाले पळाली म्हनाचं असंन तं पयले मले म्हना." नायकाने तोंड फिरवलं. बाने ट्रंक डोक्यावर घेतली आणि पंचांकडे न बघता वाटेला लागला. पंचांतली त्याची जागा गेली, हे त्यालाही ठाऊक होतं. याडी माझ्याजवळ आली, गळ्यात पडली नाही. "येजो वं," म्हणाली, "गोवऱ्या थापाच्या रायल्या हायेत." मला ढावलोतला एक शब्द आठवला नाही. नुसती रडत सुटले, सूर नाही, काही नाही. अजून थांबत नाही.