थांबलेला झोत मीच सुरू केला

मी, व्यंकटराव काशिनाथ धारूरकर, वय ७६, निवृत्त अणुशास्त्रज्ञ, राहणार गारखेडा, रक्तदाब गोळीवर आणि डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. आयुष्य झकास गेलं, हेही नोंदवून ठेवतो.

१. घर मुलगी चारुता हिला. बांधलं तेव्हा भोवती ज्वारी होती, आता सहामजली इमारती आहेत. बोअर मात्र गल्लीचा. नळाला आठवड्यानं पाणी, त्यात यंदा दुष्काळ. तिनं मोटरला कुलूप लावू नये.

२. सोयगावची माझ्या वाट्याची जमीन पुतण्या मिहिर याला. त्यानं कधी मागितली नाही, म्हणून देतो.

३. संघपाल बन्सी साळवे यांना काही ठेवलेलं नाही, कारण ते साक्षीदार आहेत. त्यांचं देणं वेगळं आहे.

१९९९ साली परदेशी प्रयोगशाळेत आम्ही एकशे चौदाव्या मूलद्रव्याच्या मागे होतो. प्लुटोनियमवर कॅल्शियमचा झोत सोडायचा. आठवडेच्या आठवडे गेल्यावर एखादा अतिजड अणू तयार व्हायचा आणि लगेच फुटू लागायचा. फुटण्याची पहिली खूण मिळताच झोत आपोआप थांबे, म्हणजे पुढचे टप्पे शांतपणे टिपता येत. ही जोडणी आमच्या गटातल्या संघपालांची. माझ्या पाळीत झोत तीनदा उगाच थांबला. चौथ्यांदा मी वैतागून बटण दाबलं आणि तो सुरू केला. चौथी खूण खरी होती. एक्केचाळीस दिवसांतला तो एकमेव अणू चालू झोताच्या गोंगाटात हरवला.

बैठकीत मी म्हणालो, "साळवेंची जोडणी बिघडली." आमच्या देशी मंडळींनी ते लगेच मानलं, का मानलं, हे मला तेव्हाही कळत होतं. संघपालांना परत पाठवलं. त्यांनी शहागंजात इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मला याची लाज वाटते. चूक माझी होती, असं पत्र मी प्रयोगशाळेच्या नावे लिहिलं आहे. ते माझ्या मृत्यूनंतर चारुतानं पाठवावं.

दुरुस्ती: वरील मजकूर आज संघपालांना वाचायला दिला. ते म्हणाले, "बटन कुनी दाबलं ते मला तवाच ठाव होतं. पण व्यंकटराव, तुम्ही गेल्यावर मी हे कुनाला दाखवू? मीबी सत्तरीचा हाय. आजच टाका की." म्हणून शेवटचं वाक्य रद्द. पत्र दुपारी रवाना झालं, नक्कल त्यांच्या हातात दिली. जेवण चांगलं गेलं.

छत्रपती संभाजीनगर, २ मे २०२४
सही: व्यं. का. धारूरकर

साक्षीदार:
१. कडूबा रामकिसन जाधव, शेजारी
२. संघपाल बन्सी साळवे (पत्राच्या रजिस्टर पोस्टाची पावती बघून मगच सही केली.)